सूट नेमकी कशावर? जादुई वस्तू घडवणाऱ्यांसाठी हिशेबाचं मार्गदर्शन

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये आपला जादूगार चारपाच लेव्हल चढला, की त्याला तयार जादुई वस्तू विकत घेणं परवडेनासं होतं. मग नियमांचं पुस्तक उघडलं जातं आणि कळतं, की वस्तू स्वतः घडवली तर निम्म्या किमतीत पडते. थोडं पुढे वाचलं की एखादं फीट, म्हणजे पात्रासाठी निवडायची खास क्षमता, सापडतं, त्यात आणखी पाव खर्च वाचतो. मग दुसरं फीट, मग एखादं ट्रेट, मग ‘ही वस्तू फक्त विझर्डलाच वापरता येईल’ अशी अट घालून मिळणारी सवलत. एकेक सूट जोडत गेलं की शेवटचा आकडा इतका लहान होतो, की डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, मान वर करून बघतो आणि त्या दिवशीचं सत्र हिशेबाच्या वादात जातं.

हा वाद बहुतेक वेळा टाळता येतो. सूट किती टक्के आहे हे नंतर बघा. ती कोणत्या आकड्यावर बसते हे आधी बघा. पुढचं सगळं विवेचन या एका सवयीभोवती आहे.

सवलती एकावर एक चढवण्याचा प्रश्न सगळ्यात जास्त येतो तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीच्या कुळात. विझर्ड्स ऑफ द कोस्टने ही आवृत्ती २००० मध्ये काढली, २००३ मध्ये तिची सुधारलेली ३.५ आवृत्ती आली आणि त्याच नियमांच्या पायावर पायझो कंपनीचं ‘पाथफाइंडर’ २००९ मध्ये उभं राहिलं. हे खेळ अजूनही आवडीने खेळले जातात आणि त्यांच्यासाठी निघालेल्या पुस्तकांचा ढीग मोठा आहे. वेगवेगळ्या पुस्तकांच्या लेखकांनी आपापल्या सवलती लिहून ठेवल्या. त्या एकत्र वापरल्या तर काय होईल, याचा विचार दर वेळी झालेला नाही. तो विचार शेवटी तुमच्या टेबलावरच करावा लागतो.

पायाचं गणित असं. प्रत्येक जादुई वस्तूला एक मूळ किंमत असते. ३.५ मध्ये वस्तू घडवण्याचा खर्च त्या किमतीच्या निम्मा. त्याशिवाय किमतीच्या पंचविसाव्या भागाइतके अनुभवगुण, म्हणजे एक्सपी, कायमचे जातात आणि किमतीच्या दर हजार नाण्यांमागे एक दिवस लागतो. ‘हेडबँड ऑफ इंटेलेक्ट +४’ घ्या. मूळ किंमत १६,००० सोन्याची नाणी. घडवायला लागतात ८,००० नाणी, ६४० एक्सपी आणि १६ दिवस. पाथफाइंडरने एक्सपीचा भाग काढून टाकला. नाणी आणि दिवस तसेच राहिले. हे तिन्ही आकडे मूळ किमतीतून निघतात, हे पक्कं लक्षात ठेवा. सवलत मूळ किमतीवर बसली तर तिन्ही कमी होतात. नुसत्या खर्चावर बसली तर फक्त नाणी वाचतात, आणि दिवस व एक्सपी जागच्या जागी राहतात.

आता नेहमीच्या सवलती या नजरेने तपासू. २००४ च्या ‘एबेरॉन कॅम्पेन सेटिंग’मध्ये तीन सख्खी भावंडं शोभावीत अशी फीट्स आहेत. ‘एक्स्ट्राऑर्डिनरी आर्टिझन’ नाण्यांचा खर्च पाव भागाने कमी करतं, ‘लेजंडरी आर्टिझन’ एक्सपी पाव भागाने कमी करतं आणि ‘एक्सेप्शनल आर्टिझन’ वेळ पाव भागाने कमी करतं. ती एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, कारण तिघांचे आकडे वेगळे आहेत. तिन्ही घेतली तर आपल्या हेडबँडला ६,००० नाणी, ४८० एक्सपी आणि १२ दिवस. इथे वादाला जागाच नाही. फर्गॉटन रेल्म्सच्या खेळाडूंना ‘मॅजिकल आर्टिझन’ माहीत असेल. ते नाणी आणि एक्सपी दोन्ही पाव भागाने कमी करतं, पण तुम्ही निवडलेल्या एकाच निर्मिती-फीटपुरतं. ‘क्राफ्ट वंड्रस आयटम’ निवडलं असेल तर हेडबँडला सूट मिळेल, वाँडला मिळणार नाही. पाथफाइंडरचं ‘हेज मॅजिशियन’ हे ट्रेट निर्मितीखर्च पाच टक्क्यांनी कमी करतं. ते खर्चावर आहे, किमतीवर नाही. म्हणून आपल्या हेडबँडवर ८०० नव्हे, ४०० नाणी वाचतात. ही गल्लत फार वेळा होते.

खरी अडचण येते दोन सवलती एकाच आकड्यावर आल्या की. एक्स्ट्राऑर्डिनरी आर्टिझन आणि मॅजिकल आर्टिझन दोन्ही नाण्यांवर पाव सूट देतात. मग एकूण सूट अर्धी धरायची की आधी पाव आणि उरलेल्यावर पुन्हा पाव? कपड्यांच्या दुकानावर ‘५० टक्के + २० टक्के’ अशी पाटी असते. पाचशेचा शर्ट तिथे दीडशेला मिळत नाही, दोनशेला मिळतो. ३.५ च्या नियमांत याला थेट आधार आहे. दोन गुणक एकाच आकड्यावर आले, तर फासे किंवा बोनस यांसारख्या अमूर्त आकड्यांसाठी ते खास पद्धतीने एकत्र करायचे असतात. दुप्पट आणि दुप्पट मिळून तिथे तिप्पट होते. पण वजन आणि अंतर यांसारख्या प्रत्यक्ष जगातल्या मोजमापांना नेहमीचं गणित लागू होतं, तिथे दुप्पट आणि दुप्पट म्हणजे चौपट. पुस्तकाने उदाहरणं वजन आणि अंतराची दिली आहेत, नाण्यांचं नाव घेतलेलं नाही. तरी थैलीतली नाणी ही मोजून द्यायची वस्तू आहे, त्यामुळे ती दुसऱ्या गटात धरणं मला सरळ वाटतं. म्हणजे गुणाकार.

हेडबँडवर सगळं लावून बघू. समजा डीएमने विझर्डपुरतं मर्यादित ठेवण्याची ३० टक्क्यांची सवलत मान्य केली. मूळ किंमत ११,२०० झाली. निम्मी म्हणजे ५,६००. पहिल्या फीटने ४,२००. दुसऱ्या फीटने ३,१५०. दोन्ही फीट्सची सूट आधी बेरीज करून ५० टक्के धरली असती तर २,८०० आले असते, म्हणजे फरक ३५० नाण्यांचा. पण हट्टाने सगळ्याच सवलतींची बेरीज केली तर काय होतं ते बघा. निर्मितीचे ५०, मर्यादेचे ३०, दोन फीट्सचे २५ आणि २५, एकूण १३० टक्के. म्हणजे वस्तू घडवल्याबद्दल जगानेच तुम्हाला नाणी द्यायची. बेरजेची पद्धत कुठेतरी अशी मोडतेच. गुणाकाराची कधीच मोडत नाही, कारण तिथे आकडा कितीही लहान झाला तरी शून्यावर पोचत नाही. डीएमला पटवायला हे एक उदाहरण पुरतं.

कुठली सूट कुठल्या सुटीबरोबर चालते, याचा नियम तसा साधा आहे. एकाच उगमातून आलेली गोष्ट दोनदा धरायची नाही. वेगवेगळ्या नावांची दोन फीट्स म्हणजे दोन उगम, म्हणून ती एकत्र चालतात. तेच फीट दोनदा घेऊन दुप्पट फायदा होत नाही, जोपर्यंत त्या फीटमध्येच तसं लिहिलेलं नाही. मॅजिकल आर्टिझन पुन्हा घेता येतं, पण ते दर वेळी वेगळ्या निर्मिती-फीटला लागतं. दुसऱ्या बाजूने, एबेरॉनचं एक पुस्तक आणि फर्गॉटन रेल्म्सचं एक पुस्तक एकाच पात्रासाठी उघडायचं की नाही, हा नियमांचा प्रश्नच नाही. तो कॅम्पेन सुरू होण्याआधी डीएमला विचारायचा प्रश्न आहे.

न कमी होणारा भाग

गुणाकारात क्रम बदलल्याने उत्तर बदलत नाही, हे खरं. पण बेरजेत एखादी ठरावीक रक्कम आली की क्रमाला महत्त्व येतं. आणि ती येते. जादुई तलवार घडवायची तर आधी उत्तम कारागिरीची, म्हणजे मास्टरवर्क तलवार लागते. तिचे ३०० जास्तीचे आणि लाँगस्वोर्डचे मूळचे १५. हे ३१५ निम्मे होत नाहीत, ते पूर्ण द्यावे लागतात. शस्त्रावरच्या जादूची किंमत बोनसच्या वर्गाला दोन हजारांनी गुणून येते, म्हणून +२ तलवारीची जादू ८,००० ची आणि घडवायचा खर्च ४,००० अधिक ३१५. एक्स्ट्राऑर्डिनरी आर्टिझन असेल तर ४,००० चे ३,००० होतील, एकूण ३,३१५. सगळ्या ४,३१५ वर सूट लावली तर ३,२३६ आणि काही चिल्लर येते. लोहाराने जादूच्या फीटची सूट का द्यावी, असा प्रश्न स्वतःला विचारला की योग्य उत्तर आपोआप मिळतं.

महागड्या साहित्याच्या मंत्रांत हा भाग खूप मोठा होतो. स्टोनस्किनला दर वेळी २५० नाण्यांची हिऱ्याची पूड लागते. वाँडमध्ये ५० मंत्र भरायचे, म्हणजे १२,५०० ची पूड. मंत्राची लेव्हल ४, जादूगाराची किमान लेव्हल ७, त्याला ७५० ने गुणलं की २१,०००. पूड धरून वाँडची किंमत ३३,५००. घडवताना २१,००० निम्मे होऊन १०,५०० होतात, पूड मात्र पूर्ण १२,५०० ची लागते. पंचवीस टक्के सूट लावून तुमचा खर्च ७,८७५ अधिक १२,५००, म्हणजे २०,३७५. सुटीची फीट्स घेऊन बसलेल्या पात्रासाठी अशी वाँड हा वाईट सौदा आहे. त्याच फीटवर बिनखर्चाच्या साहित्याच्या वस्तू घडवल्या तर प्रत्येक नाणं सुटीत येतं.

आता त्या मर्यादेच्या सवलतीबद्दल. डंजन मास्टर्स गाइडमध्ये लिहिलं आहे, की वस्तू वापरायला एखादं कौशल्य लागत असेल तर किंमत सुमारे १० टक्के कमी धरावी. विशिष्ट क्लास किंवा अलाइनमेंट लागत असेल तर ३० टक्के. ही सवलत किमतीवरच बसते, म्हणून नाणी, एक्सपी आणि दिवस तिन्ही कमी होतात, आणि म्हणूनच ती सगळ्यात मोलाची आहे. पण विझर्ड स्वतःसाठी हेडबँड घडवून त्यावर ‘फक्त विझर्डसाठी’ असं लिहीत असेल, तर त्याने काय गमावलं? काहीच नाही. खेळाडूंना माझं आग्रहाचं सांगणं आहे, की ज्या मर्यादेने तुमचं खरोखर काही जाणार आहे, तिच्याचसाठी सूट मागा. मंदिराच्या योद्ध्यांच्या हातीच चालणारी ढाल, जी पार्टीतल्या फायटरला कधीच देता येणार नाही, तिला ३० टक्के सूट रास्त आहे. डीएमनेही हा तक्ता नियम म्हणून नव्हे, मार्गदर्शन म्हणून वाचावा. पुस्तकाची स्वतःची भूमिकाही तीच आहे.

सूत्रांतही छुप्या सवलती असतात आणि त्या फीट्सपेक्षा जास्त नुकसान करतात. सतत चालणाऱ्या मंत्राचं सूत्र मंत्राची लेव्हल गुणिले जादूगाराची लेव्हल गुणिले २,००० असं आहे. मेज आर्मर पहिल्या लेव्हलचा मंत्र, म्हणून कायम चालणारा मेज आर्मर २,००० नाण्यांत बसतो आणि संरक्षणात +४ देतो. ‘ब्रेसर्स ऑफ आर्मर +४’ हेच करतात आणि त्यांची किंमत १६,००० आहे. पाथफाइंडरच्या नियमांत हेच उदाहरण देऊन सांगितलं आहे, की नवी वस्तू आधी तयार वस्तूंशी ताडून बघा, सूत्र सगळ्यात शेवटी वापरा. इथे फीटविना आठपट सूट मिळाली असती. त्यामुळे सवलती मोजायला बसण्याआधी मूळ किंमत बरोबर आहे की नाही, हे तपासा. तीच चुकली तर पुढच्या टक्क्यांना अर्थ नाही.

वेळ आणि विक्री

नाण्यांकडे बघता बघता खेळाडू दिवस विसरतात. पाथफाइंडरमध्ये प्रवासात किंवा मोहिमेवर असताना चार तास काम केलं तर दोन तासांचंच काम धरलं जातं. म्हणजे दिवसाच्या कामाचा पाव भाग. आपला १६ दिवसांचा हेडबँड मोहिमेत ६४ दिवस खातो. काम दुप्पट वेगाने उरकायचं तर कौशल्याच्या चाचणीचा डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, पाचने वाढतो. एखादी अट पूर्ण नसेल तरीही दर अटीमागे पाच वाढतात. मूळ डीसी पाच अधिक वस्तूची कास्टर लेव्हल इतका असतो, म्हणून सुरुवातीला हे सोपं वाटतं. चाचणी फसली तर मात्र साहित्य आणि वेळ दोन्ही वाया जातात. पाच किंवा त्याहून जास्त फरकाने फसली तर वस्तू शापित निघते. थोडे दिवस वाचवायला ८,००० च्या साहित्याचा जुगार खेळू नका. ‘कोऑपरेटिव्ह क्राफ्टिंग’ फीट असलेला जोडीदार मिळाला तर रोजचं काम दुप्पट होतं आणि जोखीम वाढत नाही. मोहिमेतल्या पार्टीला मी पाच टक्के वाचवणाऱ्या ट्रेटपेक्षा असा जोडीदार जास्त उपयोगाचा मानतो.

विक्रीचा मुद्दा डीएमच्या डोक्यावर बसलेला असतो. वस्तू विकली तर निम्मी किंमत मिळते. घडवायला निम्मा खर्च आणि विकून निम्मी किंमत, म्हणजे हिशेब बरोबर शून्यावर. हा समतोल मुद्दाम ठेवलेला आहे. कोणतीही सूट आली की तो ढळतो. पाथफाइंडरमध्ये हेज मॅजिशियनने ७,६०० त हेडबँड घडवला आणि ८,००० ला विकला, की १६ दिवसांत ४०० नाणी सुटतात. ३.५ मध्ये एक्स्ट्राऑर्डिनरी आर्टिझनने तोच हेडबँड ६,००० त होतो आणि २,००० सुटतात, पण ६४० एक्सपी जातात, म्हणून कोणी कारखाना काढत नाही. पाथफाइंडरमध्ये तो लगाम नाही. डीएमने तिथे गावाच्या आर्थिक मर्यादा वापराव्यात. ३.५ च्या तक्त्यात लहान शहराची मर्यादा १५,००० नाण्यांची आहे; त्याहून महाग वस्तू तिथे सहसा मिळत नाही, आणि तेवढ्या किमतीची वस्तू विकत घेणारंही तिथे सापडत नाही असं ठरवणं न्याय्य आहे. खेळाडूंनी धंदाच करायचा म्हटलं तर तो मोहिमेच्या मधल्या काळातलं एक काम म्हणून ठेवावा, सत्राचा वेळ त्यात घालवू नये.

किती सूट फार झाली, याचं एक माप पाथफाइंडरच्या ‘अल्टिमेट कॅम्पेन’मध्ये २०१३ साली दिलं आहे. प्रत्येक लेव्हलला पात्राकडे साधारण किती संपत्ती असावी याचा तक्ता असतो. दहाव्या लेव्हलला ६२,०००. एक निर्मिती-फीट घेतलेल्या पात्राने त्याच्या सुमारे २५ टक्के पुढे जावं, अनेक फीट्स असतील तर ५० टक्क्यांपर्यंत. फीट खर्च केलेल्या खेळाडूला काहीतरी मिळालंच पाहिजे, हे त्यात मान्य आहे, आणि बाकीचे खेळाडू मागे पडू नयेत हेही. डीएम मंडळींनी प्रत्येक सवलतीवर वेगळा वाद घालण्यापेक्षा हीच एक कमाल मर्यादा आधी सांगून ठेवावी. खेळाडूने कितीही सवलती चढवाव्यात, पण दहाव्या लेव्हलला एका फीटवर ७७,५०० च्या पुढे गेलं की पुढच्या खजिन्यात तेवढं कमी निघेल.

पाचव्या आवृत्तीत हे सगळं सुटसुटीत आहे. २०१७ च्या ‘झॅनथार्स गाइड टू एव्हरीथिंग’प्रमाणे अनकॉमन वस्तूला दोन कामाचे आठवडे आणि २०० नाणी, रेअरला दहा आठवडे आणि २,०००. एकदाच वापरून संपणाऱ्या वस्तूंना दोन्ही निम्मे. दहाव्या लेव्हलचा आर्टिफिसर कॉमन आणि अनकॉमन वस्तू निम्म्या खर्चात आणि पाव वेळात घडवतो. त्याने अनकॉमन पोशन घडवलं तर २०० चे १००, १०० चे ५०; वेळ दोन आठवड्यांचा एक, आणि एकाचा पाव. इथेही तोच गुणाकार. रेअर वस्तूला आर्टिफिसरची सूट लागत नाही, हे मात्र डोळ्यांआड होतं. तसंच २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकातलं ‘क्राफ्टर’ फीट: त्याची २० टक्के सूट जादू नसलेल्या वस्तूंच्या खरेदीवर आहे. ती जादुई वस्तूच्या निर्मितीखर्चावर लावू नका.

एक व्यवहार अजून ठरवायचा राहतो: सोबत्यांसाठी वस्तू घडवली तर किती घ्यायचे? पाथफाइंडरमध्ये मी प्रत्यक्ष खर्चाइतकेच घ्यावेत असं म्हणेन, कारण तिथे जातात ते दिवस, आणि ते सगळ्या पार्टीचेच असतात. ३.५ मध्ये घडवणाऱ्याचे स्वतःचे एक्सपी जातात, आणि महिन्याभराने तोच एक लेव्हल मागे राहिलेला दिसतो. तिथे भरपाई मागण्यात संकोच नको. नियमांतच आधार आहे: भाड्याने मंत्र टाकून घेताना दर एक्सपीमागे पाच नाणी द्यायची असतात. हाच दर वापरा. हेडबँडचे ६४० एक्सपी म्हणजे ३,२०० नाणी. एक्स्ट्राऑर्डिनरी आर्टिझनचा खर्च ६,००० मिळवून सोबत्याने द्यायचे ९,२००. त्याला १६,००० ची वस्तू ६,८०० वाचवून मिळते, घडवणाऱ्याच्या हाती पुढच्या वस्तूसाठी भांडवल राहतं, आणि हा दर पहिल्या सत्रातच पात्रांच्या कागदांवर लिहून ठेवला तर दर वेळी घासाघीस करावी लागत नाही.